«परत चालवू का?»: पैशांच्या नोंदी चढवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ट्रान्झॅक्शन आणि एरर कशा हाताळाव्यात

संध्याकाळचे साडेसात. एका छोट्या पतसंस्थेतून फोन. «सर, पिग्मीची फाइल चढवताना मध्येच थांबलं. लाइट गेली होती, राउटर बंद पडला. परत चालवू का?» मी म्हणालो, «हो मॅडम, चालवा.» स्क्रिप्ट माझीच होती आणि उत्तर देताना मी क्षणभरही विचार केला नव्हता.

पहिल्या वेळी १८३ ओळी चढल्या होत्या. १८४व्या ओळीची नोंद झाली होती, पण खात्याची शिल्लक वाढायच्या आत नेट गेलं. दुसऱ्यांदा चालवल्यावर सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून चढली. म्हणजे १८३ खातेदारांच्या खात्यात त्या दिवशीची रक्कम दोनदा जमा, आणि एका खात्यात नोंदी दोन पण शिल्लक एकदाच वाढलेली. तेरीज, म्हणजे दिवसअखेरची ताळ्याची बेरीज, जुळेना. रात्री उशिरापर्यंत एजंटच्या मशीनच्या चिठ्ठ्या हातात घेऊन एकेक खातं तपासत बसलो. तेव्हापासून पैशांना हात लावणारी कुठलीही स्क्रिप्ट लिहायला घेतली की एकच प्रश्न आधी विचारतो: ही कुठल्याही क्षणी पडली, तर «परत चालवू का?» याला डोळे झाकून «हो» म्हणता येईल का?

खालच्या सगळ्या पायऱ्या त्या «हो»साठी आहेत. उदाहरण पिग्मीचंच घेतो. एजंट दिवसभर दुकानादुकानांतून रोजची ठेव गोळा करतो, हातातल्या मशीनवर नोंद करतो, आणि संध्याकाळी त्याची सीएसव्ही फाइल संस्थेत उतरते. स्क्रिप्ट दर ओळीला दोन कामं करते: नोंदींच्या टेबलात एक ओळ टाकते आणि खात्याची शिल्लक वाढवते. भाषा पायथन, डेटाबेस पोस्टग्रेस, मधला दुवा सायकोपीजीची तिसरी आवृत्ती. मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइट वापरत असाल तरी विचार तोच. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

पायरी १: एका घासाचा आकार ठरवा

ट्रान्झॅक्शन म्हणजे डेटाबेसशी केलेला करार: या सगळ्या गोष्टी एकतर पूर्ण होतील, नाहीतर त्यातली एकही झालेली दिसणार नाही. कमिट म्हटलं की पक्कं, रोलबॅक म्हटलं की जणू काही घडलंच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते «या सगळ्या गोष्टी» म्हणजे नेमक्या कोणत्या हे ठरवताना.

माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ऑटोकमिट चालू होतं, म्हणजे प्रत्येक विधान स्वतःपुरतं वेगळं ट्रान्झॅक्शन. त्यामुळे नोंद पक्की आणि शिल्लक जुनीच, अशी अवस्था शक्य झाली. किमान सुधारणा म्हणजे एका ओळीची नोंद आणि शिल्लक एकत्र बांधणं. तेवढ्याने अर्धी ओळ टळते, अर्धी फाइल टळत नाही.

एकक कुठलं हे कामाकडे बघून ठरवायचं, कोडकडे बघून नाही. पतसंस्थेत एजंट संध्याकाळी रोख भरतो ती त्याच्या त्या दिवशीच्या एकूण रकमेची. रोखपाल तेवढीच मोजून घेतो. म्हणजे माणसं ज्याचा हिशोब एकत्र करतात ते एकक आहे «एका एजंटची एका फेरीची फाइल». मग ट्रान्झॅक्शनही तेवढंच. तीनचारशे ओळी पोस्टग्रेससाठी किरकोळ आहेत.

लाखो ओळींची आयात असेल तर मात्र एकच लांबलचक ट्रान्झॅक्शन नको. तेवढा वेळ बदललेल्या ओळी लॉक राहतात (दुसऱ्या कोणाला त्या बदलता येत नाहीत), आणि मेलेल्या ओळी साफ करणाऱ्या व्हॅक्यूमलाही पुढे जाता येत नाही. तिथे काही हजारांचे तुकडे करा, पण «कुठपर्यंत आलो» हा आकडा त्याच तुकड्याच्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. तो वेगळ्या फाइलीत लिहिला की एक पक्कं आणि दुसरं कच्चं, ही जुनीच भानगड पुन्हा उभी राहते.

पायरी २: नियम डेटाबेसच्या अंगात घाला

स्क्रिप्टमधली तपासणी ही स्क्रिप्टपुरती असते. उद्या कोणी दुसरी स्क्रिप्ट लिहील, कोणी थेट टेबल उघडून आकडा बदलेल. म्हणून जे कधीच मोडता कामा नये ते टेबलाच्या व्याख्येतच हवं. रक्कम न्यूमेरिक प्रकारात, दोन दशांश स्थळांसह. फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) पैसे ठेवू नका, पैशापैशाची तफावत साचत जाते. रक्कम शून्याहून मोठी असल्याची चेक अट. खाते क्रमांक रिकामा चालणार नाही आणि तो खात्यांच्या टेबलात असलाच पाहिजे, म्हणजे फॉरेन की.

आता सगळ्यात महत्त्वाचं टेबल: बॅच. यात एक ओळ म्हणजे एक चढलेली फाइल. एजंट क्रमांक, दिनांक, फेरी क्रमांक, ओळींची संख्या, एकूण रक्कम, चढल्याची वेळ. एजंट, दिनांक आणि फेरी या तिघांवर मिळून युनिक अट, म्हणजे तेच तिन्ही पुन्हा आले तर ओळ पडणार नाही. नोंदींच्या टेबलात बॅच क्रमांक आणि फाइलमधला ओळ क्रमांक या जोडीवर युनिक अट.

इथे एक मोह होतो: खाते, दिनांक आणि रक्कम यांच्यावरच युनिक अट घालावी, म्हणजे दुबार नोंद आपोआप अडेल. करू नका. किराणा दुकानदार सकाळी शंभर देतो आणि संध्याकाळी गल्ला बरा झाला म्हणून आणखी शंभर देतो. दोन्ही खऱ्या नोंदी आहेत. तुमची अट त्यातली एक नाकारेल आणि एजंटची रोख जुळणार नाही. दुबार काय आणि खरं काय हे रकमेवरून कळत नाही. ते कळतं «ही फाइल आपण आधी घेतली आहे का» यावरून.

फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा) बॅचमध्ये ठेवलात तर उत्तमच, पण ओळख म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. एजंटने एक ओळ दुरुस्त करून फाइल पुन्हा पाठवली की हॅश बदलतो आणि तीच फाइल नवी म्हणून आत शिरते.

पायरी ३: ट्रान्झॅक्शन उघडायच्या आधी फाइल पूर्ण वाचून घ्या

फाइलमधल्या चुका शोधायला डेटाबेस लागत नाही. तेव्हा ट्रान्झॅक्शन उघडून, लॉक घेऊन मग «ही रक्कम वाचता येत नाही» असं कळण्यात अर्थ नाही. आधी सगळी फाइल मेमरीत घ्या, प्रत्येक ओळ तपासा, आणि पहिल्या चुकीवर न थांबता सगळ्या चुका एकदम दाखवा. एक चूक दुरुस्त केली की दुसरी समोर येते, असं पाच वेळा झालं की समोरचा माणूस वैतागतो आणि फाइलच हाताने बदलायला लागतो.

नेहमी सापडणाऱ्या दोन गोष्टी. एक, विंडोजवर एक्सेलमधून निघालेल्या यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला अनेकदा एक अदृश्य खूण असते. ती पहिल्या मथळ्याला चिकटते आणि «खाते क्रमांक नावाचा कॉलमच नाही» अशी एरर येते, डोळ्यांना तर कॉलम ढळढळीत दिसत असतो. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग «यूटीएफ-८-सिग» दिलं की ही खूण गळून पडते. दोन, रकमेतले स्वल्पविराम. पायथनचा डेसिमल प्रकार देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतो, «१५००» दिलंत तर पंधराशेच समजतो. पण «१,५००» दिलं की एरर. तेव्हा स्वल्पविराम काढायचे की ओळ नाकारायची हे तुम्ही ठरवा. मी काढतो, पण आधी सगळ्या ओळींची बेरीज एजंटच्या मशीनने छापलेल्या एकूण रकमेशी जुळते का ते बघतो. नाही जुळली तर पुढे जायचंच नाही.

पायरी ४: हद्द आखा

सायकोपीजीत कनेक्शन उघडलं की मूळ स्थितीत ऑटोकमिट बंद असतं. पहिलं विधान पाठवताच ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू होतं आणि तुम्ही कमिट म्हणेपर्यंत चालू राहतं. कमिट न करता कनेक्शन नुसतं बंद झालं की सगळं रोलबॅक. «स्क्रिप्ट चालली, एरर नाही, पण टेबल रिकामं» ही नवख्यांची तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

माझी पद्धत अशी: कनेक्शन ऑटोकमिट चालू ठेवून उघडायचं, आणि जिथे ट्रान्झॅक्शन हवं तिथे कनेक्शनचा «ट्रान्झॅक्शन» ब्लॉक «विथ»सोबत वापरायचा. ब्लॉक नीट संपला तर कमिट, आतून एरर बाहेर पडली तर रोलबॅक. हद्द डोळ्यांना दिसते. ऑटोकमिट बंद ठेवून हाच ब्लॉक वापरलात तर एक खड्डा आहे. ब्लॉकच्या आधी साधं सिलेक्ट (वाचण्याचं विधान) जरी केलेलं असेल तरी बाहेरचं ट्रान्झॅक्शन सुरू झालेलं असतं, मग तुमचा ब्लॉक त्याच्या पोटातला सेव्हपॉइंट बनतो, म्हणजे फक्त तिथपर्यंतच मागे जाता येईल अशी मधली खूण. ब्लॉक संपला म्हणून तुम्ही निश्चिंत, आणि बाहेरचं कमिट तर झालेलंच नाही.

कनेक्शन उघडल्यावर लगेच तीन मुदती लावा: लॉकसाठी थांबायची, एका विधानाची, आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसण्याची. पोस्टग्रेसमध्ये या तिन्ही मुळात शून्य असतात, म्हणजे मुदतच नाही. मी लॉकला ५ सेकंद, विधानाला ३० सेकंद आणि रिकामं बसायला एक मिनिट देतो.

आणि ट्रान्झॅक्शनच्या आत माणसाला प्रश्न विचारू नका. «पुढे जाऊ का? हो किंवा नाही» असा प्रश्न विचारून स्क्रिप्ट थांबली आणि समोरची व्यक्ती चहाला उठली, तर तोवर बदललेल्या सगळ्या खात्यांवर लॉक. काउंटरवर खातेदार पैसे काढायला उभा आणि स्क्रीन गोल गोल फिरतेय. जे विचारायचं ते आधी विचारा.

पायरी ५: आतलं काम

सांगाडा मराठीतच मांडतो, कोड तुमचा तुम्ही लिहाल.

ट्रान्झॅक्शन सुरू
    बॅच टेबलात ओळ टाक; तीच बॅच आधी असेल तर काही करू नकोस
    ओळ पडली नाही? तर «आधीच चढली आहे» सांग आणि यशस्वी म्हणून बाहेर पड
    खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, दर ओळीसाठी:
        नोंद टाक
        शिल्लक = शिल्लक + रक्कम
        नेमकी एकच ओळ बदलली का? नसेल तर एरर फेक
    या बॅचच्या नोंदींची बेरीज डेटाबेसला विचार
    ती फाइलच्या बेरजेशी जुळत नसेल तर एरर फेक
ट्रान्झॅक्शन संपलं, कमिट

एकेक ओळ का आहे ते सांगतो.

बॅचची ओळ पहिली पडते आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पडते. फाइल पूर्ण चढली तरच ती टिकते. «आधी असेल तर काही करू नकोस» यासाठी पोस्टग्रेसच्या इन्सर्टमध्ये (ओळ टाकण्याच्या विधानात) «ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग» आहे, ९.५ आवृत्तीपासून. ते एरर देत नाही, गुपचूप शून्य ओळी टाकतं. म्हणून किती ओळी पडल्या हे विचारणं तुमचं काम. ते विसरलात तर बॅच पडणार नाही पण खालची शिल्लक मात्र वाढू शकते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि आधीच चढलेल्या बॅचची ओळींची संख्या किंवा एकूण रक्कम हातातल्या फाइलपेक्षा वेगळी निघाली, तर ते यश नव्हे. ते माणसाला दाखवा.

शिल्लक आधी वाचून, पायथनमध्ये बेरीज करून परत लिहू नका. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये काउंटरवरून कोणी त्याच खात्यातून पैसे काढले तर तुम्ही त्यांचा बदल पुसून टाकता. पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायची ते) «रीड कमिटेड» यापासून वाचवत नाही. बेरीज डेटाबेसलाच करू द्या. आधी वाचणं भागच असेल तर «सिलेक्ट फॉर अपडेट» वापरून ओळ धरून ठेवा.

नेमकी एक ओळ बदलली का, ही तपासणी सगळ्यात जास्त विसरली जाते. नसलेल्या खात्याची शिल्लक वाढवायला सांगितली तर डेटाबेस एरर देत नाही. शून्य ओळी बदलल्या, काम झालं, असं म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आपल्या नोंदींवर फॉरेन की आहे म्हणून नसलेलं खातं तिथे अडेल, पण अपडेटच्या अटीत «खातं चालू असेल तर» असं काही असलं की बंद खात्यासाठी नोंद पडेल आणि शिल्लक जागची हलणार नाही.

चढता क्रम डेडलॉकसाठी. एक स्क्रिप्ट खातं ११ धरून ४० मागतेय, दुसरी ४० धरून ११ मागतेय, दोघीही अडून बसतात. पोस्टग्रेस मुळात एका सेकंदाने तपासणी करतो आणि दोघींतल्या एकीला पाडतो. सगळ्यांनी एकाच क्रमाने खाती धरली तर खात्यांवरून हा पेच पडत नाही.

शेवटची बेरीज म्हणजे आपली तेरीज. कमिटच्या आधी, ट्रान्झॅक्शनच्या आत. कमिटनंतर चूक कळली तर उलट नोंदी कराव्या लागतात, आधी कळली तर नुसता रोलबॅक.

पायरी ६: एरर कुठे पकडायची

ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. आत नाही.

बहुतेक गोंधळ याच्या उलट केल्याने होतात. लूपच्या आत ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडण्याची पायथनची रचना) लावून, एरर आली की छापायची आणि पुढच्या ओळीकडे जायचं, असं लिहायची सवय असते. पोस्टग्रेसमध्ये एकदा एखादं विधान चुकलं की पुढचं प्रत्येक विधान तो नाकारतो: ट्रान्झॅक्शन रद्द झालंय, ते संपेपर्यंत काही ऐकणार नाही. कोड २५पी०२. मग लॉगमध्ये याच तक्रारीच्या शेकडो ओळी येतात आणि खरी एरर सगळ्यात वर, कोणी न पाहिलेल्या जागी असते. त्याहून वाईट म्हणजे अशा रद्द ट्रान्झॅक्शनला कमिट सांगितलं तर पोस्टग्रेस एरर देत नाही. उत्तरात फक्त «रोलबॅक» असा शब्द येतो. स्क्रिप्ट म्हणते झालं, टेबलात काहीच नाही.

मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीवर (टेबल साठवण्याच्या तिथल्या एका प्रकारावर) हीच सवय वेगळ्या प्रकारे चावते. तिथे चुकलेलं विधान सहसा तेवढंच मागे घेतलं जातं आणि ट्रान्झॅक्शन जिवंत राहतं. एरर गिळून पुढे गेलात तर शेवटचं कमिट उरलेलं सगळं पक्कं करतं, चुकलेली ओळ सोडून.

चुकलेली ओळ वगळून पुढे जायचंच असेल तर त्यासाठी सेव्हपॉइंट आहे. सायकोपीजीत ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत दुसरा ब्लॉक उघडला की तो मिळतो. पत्ते, फोन नंबर अशा माहितीसाठी ठीक. पैशांच्या फाइलीत मी तो वापरत नाही. ४०० पैकी ३९९ ओळी चढल्या तर रोखपालाने कुठला आकडा मोजून घ्यायचा?

बाहेर पकडल्यावर एररची जात बघा. प्रत्येक एररबरोबर पाच अक्षरांचा एसक्यूएलस्टेट कोड येतो. मजकुरावर नव्हे, त्याच्यावर निर्णय घ्या, कारण मजकूर सर्व्हरच्या भाषेप्रमाणे बदलू शकतो. २३ने सुरू होणारे म्हणजे अट मोडली: २३५०५ दुबार, २३५०३ फॉरेन की, २३५१४ चेक. हे पुन्हा चालवून सुधारणार नाही, माणसाला दाखवा. ४०पी०१ डेडलॉक, ४०००१ सीरियलायझेशनची टक्कर (एकाच वेळी चाललेल्या ट्रान्झॅक्शनची एकमेकांत गुंतागुंत), ५५पी०३ लॉक मिळालं नाही. इथे डेटा बरोबर आहे, वेळ चुकली. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवत, म्हणजे दोन स्क्रिप्ट पुन्हा एकाच क्षणी धडकणार नाहीत. तीन ते पाच प्रयत्न पुरे. आणि पुन्हा प्रयत्न म्हणजे संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्या ओळीपासून. फक्त चुकलेलं विधान पुन्हा पाठवून चालत नाही, कारण त्याच्या आधीचं सगळं रोलबॅकमध्ये गेलेलं असतं.

यात न बसणारी कुठलीही एरर पकडू नका. स्क्रिप्ट पडू द्या. पायथनमध्ये नुसतं «एक्सेप्ट» लिहून पुढे काहीच न करणं म्हणजे कंट्रोल-सीसुद्धा गिळणं. माणूस थांबवायला बघतोय आणि स्क्रिप्ट थांबत नाही.

पायरी ७: कमिट पाठवलं, उत्तरच आलं नाही

ही पायरी निवांत वाचा. इथे भलेभले फसतात.

कमिट पाठवलं आणि त्याच क्षणी नेट गेलं. कनेक्शन तुटल्याची एरर आली. फाइल चढली की नाही? दोन्ही शक्य आहे. कमिट सर्व्हरपर्यंत पोचलंच नसेल, तर रोलबॅक झाला. पोचून पक्कं झालं असेल आणि परत येणारी पोच वाटेत हरवली असेल, तर चढली. मनीऑर्डर गेली पण पोचपावती आली नाही, तशी गत. स्क्रिप्टच्या बाजूने कितीही एरर पकडली तरी हे कळायचा मार्ग नाही. «एरर आली म्हणजे झालं नाही» हे गृहीत इथे खोटं ठरतं.

उत्तर एकच: पुन्हा जोडणी करून तीच फाइल पुन्हा चालवायची. आधी चढली असेल तर बॅचची ओळ तिथे असणार, स्क्रिप्ट «आधीच चढली आहे» म्हणून शांतपणे बाहेर पडेल. नसेल चढली तर आता चढेल.

मात्र «आधी सिलेक्ट करून बॅच आहे का बघू, नसेल तर चढवू» असं करू नका. नेट तुमच्या बाजूने तुटलंय. सर्व्हरवरचं तुमचं जुनं सत्र अजून जिवंत असू शकतं, त्याचं कमिट व्हायचंच असू शकतं. सिलेक्टला ती ओळ दिसणार नाही आणि तुम्ही दुसऱ्यांदा चढवायला सुरुवात कराल. थेट इन्सर्ट करा. जुनं सत्र अधांतरी असेल तर युनिक अट नव्या इन्सर्टला थांबवून धरते: जुनं पक्कं झालं की शून्य ओळी, जुनं रद्द झालं की एक ओळ. थांबण्याची मुदत संपली तर ५५पी०३ येईल, आणि त्याचं काय करायचं ते ठरलेलंच आहे. दोन खिडक्यांतून तीच फाइल एकदम चालवली तरी हेच होतं. त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

पायरी ८: जे मागे घेता येत नाही ते आत करू नका

खातेदाराला «तुमच्या खात्यात ५०० रुपये जमा» असा एसएमएस ट्रान्झॅक्शनच्या आत पाठवलात आणि पुढे रोलबॅक झाला, तर एसएमएस परत येत नाही. कमिटनंतर पाठवायचा ठरवलात आणि तेवढ्यात स्क्रिप्ट पडली, तर तो जातच नाही. मधला मार्ग: «पाठवायचे निरोप» नावाचं एक टेबल ठेवा आणि नोंदीबरोबरच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये निरोपाची ओळ टाका. दुसरी छोटी स्क्रिप्ट त्यातून उचलून पाठवते आणि «पाठवला» अशी खूण करते. खूण करायच्या आत ती पडली तर एखादा निरोप दोनदा जाईल. एसएमएस दोनदा गेला तर चालतं, पैसे दोनदा गेले तर नाही. फाइल «झालेल्या» फोल्डरात हलवणंही कमिटनंतरच.

पावती क्रमांक सीक्वेन्समधून (डेटाबेसच्या आपोआप वाढणाऱ्या मोजणीतून) घेत असाल तर लक्षात ठेवा, सीक्वेन्स रोलबॅकमध्ये मागे जात नाही. क्रमांकांत खाचा पडतात आणि हिशोब तपासनीस विचारतो, ७०१ ते ७४० कुठे गेले. सलग क्रमांकच हवे असतील तर शेवटचा क्रमांक साध्या टेबलात ठेवून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवा. त्या एका ओळीसाठी सगळ्यांना रांग लावावी लागेल, ती किंमत मोजायची तयारी ठेवा.

पायरी ९: लॉग

एररची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये डेटाबेसच्या टेबलात लिहिलीत तर रोलबॅकबरोबर तीही जाते. ज्या रात्री तिची गरज असते नेमकी तेव्हाच नसते. साध्या फाइलीत लिहा: वेळ, बॅच, ओळ क्रमांक, एसक्यूएलस्टेट, कितवा प्रयत्न. खातेदारांची नावं, फोन, शिल्लक लॉगमध्ये नको. लॉग फाइल कुणाकुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली जाते ते आपल्या हातात नसतं.

हाताने रोलबॅक करत असाल तर एक काळजी: कनेक्शन तुटलेलं असेल तर रोलबॅकही एरर देतो, आणि खरी एरर त्याच्याखाली दबू शकते. आधी मूळ एरर लॉग करा, मग रोलबॅक. शेवटी, अपयश आलं तर स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना ती परत देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्य नसावा. क्रॉनखाली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या कामाचं तेवढंच तोंड असतं.

पायरी १०: दुसऱ्या डेटाबेसवाल्यांसाठी

मायएसक्यूएलमध्ये टेबल इनोडीबी आहे ना, हे आधी बघा. जुनी मायआयएसएएम टेबलं रोलबॅक मानत नाहीत, लिहिलं ते लिहिलं. टेबलाची रचना बदलणारं विधान ट्रान्झॅक्शनच्या मध्ये आलं की तोवरचं सगळं आपोआप कमिट होतं. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक रचनाबदलही रोलबॅक होतात. लॉकची वाट पाहून मुदत संपली, मूळ मुदत ५० सेकंद, तर मायएसक्यूएल फक्त ते विधान मागे घेतो. डेडलॉकमध्ये मात्र पूर्ण ट्रान्झॅक्शन. दोन्ही वेळी स्वतःहून रोलबॅक सांगून पहिल्यापासून सुरू करा, म्हणजे फरक लक्षात ठेवावा लागत नाही.

पीएचपीत पीडीओ (डेटाबेसशी बोलायचा तिथला दुवा) वापरत असाल आणि आवृत्ती ८.०च्या आधीची असेल, तर एरर आल्यावर एक्सेप्शन मुळात येतच नाही. एरर मोड स्वतः लावा. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की तपासणी सहसा बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते. आणि लिहिणार हे आधीच माहीत असेल तर ट्रान्झॅक्शन «बिगिन इमिजिएट»ने उघडा, म्हणजे अर्ध्यावर «डेटाबेस लॉक आहे» ऐकायची वेळ येत नाही.

पायरी ११: मुद्दाम पाडा

हे सगळं लिहून झाल्यावर ते खरं आहे की नाही, हे स्क्रिप्ट पाडल्याशिवाय कळत नाही. खऱ्या डेटाबेसच्या प्रतीवर, खऱ्या आकाराच्या फाइलसह. सुरुवातीला सगळ्या शिलकांची बेरीज आणि नोंदींची संख्या कागदावर लिहून ठेवा.

मग १००व्या ओळीनंतर स्क्रिप्ट थोडी थांबेल अशी तात्पुरती सोय करा आणि दुसऱ्या खिडकीतून ती किल -९ने (प्रोग्रामला आवराआवरीची संधी न देता थांबवणाऱ्या आज्ञेने) मारा. बेरीज तपासा: जुनीच हवी. पुन्हा चालवा: फाइलच्या रकमेइतकीच वाढलेली हवी. पुढच्या वेळी स्क्रिप्टऐवजी सर्व्हरवरचं तिचं सत्र तोडा. त्याच्या पुढच्या वेळी कमिट झाल्यानंतर पण «झालं» छापण्याच्या आधी मारा, म्हणजे सातव्या पायरीतली अवस्था हुबेहूब उभी राहील. तीच फाइल लागोपाठ दोनदा चालवा. दोन खिडक्यांतून एकाच क्षणी चालवा. मधल्या एका ओळीत बंद खातं घाला. चालू असताना लॅपटॉपचं वायफाय बंद करा. दर वेळी तोच कागद, त्याच दोन बेरजा.

मी हे सगळं करून मग ती स्क्रिप्ट त्या पतसंस्थेत बसवली. पावसाळ्यात लाइट गेली आणि पुन्हा फोन आला, तेच वाक्य. मी म्हणालो, चालवा मॅडम, मी लाइनवर आहे. थोड्या वेळाने त्यांनी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं: «ही फाइल ७ वाजून ३१ मिनिटांनी चढली आहे. नोंदी ३८६. रोखपालाच्या रकमेशी ताडून पाहा.» पलीकडे नोटा मोजायच्या मशीनचा आवाज येत होता. «जुळली सर,» म्हणाल्या आणि फोन ठेवला.